शिकागो बेअर्सचा सर्वांत थोर लाइनबॅकर कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर उजाडला की हे प्रश्न सुरू होतात. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, शाळेच्या मैदानावर मुलांची वाट पाहत उभ्या पालकांकडून, नुकत्याच शिकायला आलेल्या भाच्या-पुतण्यांकडून. तेच तेच पुन्हा विचारलं जातं, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ताई, आधी एवढंच सांगा: लाइनबॅकर म्हणजे मैदानावर नक्की कोण?

हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू हातात घेऊन पळायचं, नाहीतर फेकायचा. दोन्हीकडे ११-११ खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. अडवणाऱ्यांच्या साधारण तीन फळ्या असतात. सगळ्यांत पुढे समोरच्याच्या नाकाला नाक लावून बसलेले धिप्पाड गडी, सगळ्यांत मागे चपळ राखणदार आणि मधे लाइनबॅकर.

मधल्यांचं काम सगळ्यांत कठीण, कारण समोरचा पळणार की फेकणार हे त्यांना क्षणात ओळखावं लागतं. पळणार असेल तर पुढे घुसून त्याला पाडायचं, फेकणार असेल तर मागे हटून चेंडूची वाट अडवायची. पाऊल चुकीच्या दिशेला पडलं की संपलं. कबड्डी खेळलेल्यांना हे लवकर कळतं: चढाईवाला कुठे वळणार हे त्याच्या खांद्यावरून ताडून पकड करणारा जो असतो, त्याच्याच जातकुळीचा हा खेळाडू. त्यातही बरोबर मध्यभागी उभा असतो तो मिडल लाइनबॅकर. बहुतेक संघांत बचावाचे इशारे तोच देतो. या सगळ्या वादात मुख्यतः याच जागेबद्दल बोललं जातं.

२. लीगमध्ये (एनएफएलमध्ये) बाकी ३१ संघ आहेत. बेअर्सच्याच लाइनबॅकरांवरून एवढं रणकंदन का?

कारण या एका संघाच्या एका जागेवर खेळलेले चार जण हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत, आहेत, आणि चौघांच्या कारकिर्दी मिळून जवळजवळ साठ वर्षांचा पट होतो. बिल जॉर्ज (बेअर्समध्ये १९५२ ते १९६५, जर्सी ६१), डिक बटकस (१९६५ ते १९७३, जर्सी ५१), माइक सिंगलटेरी (१९८१ ते १९९२, जर्सी ५०) आणि ब्रायन अर्लॅकर (२००० ते २०१२, जर्सी ५४).

दुसरं कारण शहराचं आहे. शिकागोला हा संघ १९२१ मध्ये आला, आणि चेंडू फेकून गुणांचा पाऊस पाडणारा संघ अशी त्याची ओळख क्वचितच झाली. इथल्या आजोबांनी नातवाला बचावाच्याच गोष्टी सांगितल्या. गावसकर मोठा की तेंडुलकर यावर दादरच्या कट्ट्यावर जेवढ्या तावातावाने बोललं जातं, तेवढ्याच तावाने इथे बटकस की सिंगलटेरी यावर बोलतात. दोन्हीकडे अडचण एकच: दोघे एका काळात खेळलेले नाहीत.

३. बिल जॉर्जचं नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. तो या यादीत कसा?

ही यादीच त्याच्यापासून सुरू होते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक संघ बचावात पुढे पाच जण लावत. त्यातला मधला, म्हणजे मिडल गार्ड, जमिनीला हात टेकून समोरच्या सेंटरवर, म्हणजे मधून चेंडू मागे देणाऱ्यावर, आदळायचा. जॉर्ज तिथे खेळायचा. १९५४ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्धच्या सामन्यात त्याच्या लक्षात आलं की आपण सेंटरला धडक देईपर्यंत आपल्याच डोक्यावरून छोटे पास निघून जात आहेत. मग त्याने धडक देणं सोडलं आणि सरळ मागे सरकून उभा राहिला. पहिला पास त्याच्या पोटावर आदळला. नंतरचा त्याने झेलला. कारकिर्दीतल्या १८ इंटरसेप्शनमधलं (समोरच्याचा पास मधेच झेलणं) ते पहिलं.

मिडल लाइनबॅकर ही जागा त्या एका दुपारी, एकट्या माणसाने शोधली असं म्हणणं मात्र मला पटत नाही. त्याच वर्षांत दुसरे संघही आपल्या मधल्या माणसाला उभं करून मागे आणत होते. पण ती जागा कशी खेळायची हे जॉर्जने दाखवलं. पुढच्या फळीची रचना चेंडू सुटायच्या आधी बदलत राहायची, इशारे स्वतः द्यायचे, आणि समोरच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराला, गोंधळात टाकायचं.

१९५४ ते १९६१ अशी सलग आठ वर्षं तो प्रो बोलसाठी, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. १९६३ चं विजेतेपदही त्याच्या नावावर आहे. त्या वर्षी बेअर्सनी १४ सामन्यांत फक्त १४४ गुण दिले आणि अंतिम सामन्यात रिगली फील्डवर न्यूयॉर्क जायंट्सना १४-१० असं हरवलं. १९७४ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि १९८२ मध्ये मोटार अपघातात वारला. पुढे मात्र त्याचं नाव मागे पडलं. हे मला मनापासून खटकतं.

४. बटकसने एकही प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेरीचा) सामना खेळला नाही. मग तो सर्वश्रेष्ठ कसा?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बटकस शिकागोच्या दक्षिण भागातला, लिथुआनियन कुटुंबातला मुलगा. शाळा शिकागोतली, विद्यापीठ इलिनॉयचं, आणि १९६५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या वेळी, बेअर्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. लगेच चौथ्या क्रमांकावर त्यांनी गेल सेयर्सला घेतलं. दोन भावी हॉल ऑफ फेम खेळाडू एका पाठोपाठ एक, एकाच संघात. तरीही त्या नऊ हंगामांत बेअर्सचा हिशोब होता ४८ विजय, ७४ पराभव, ४ बरोबरीत. प्लेऑफ एकदाही नाही.

आता १९६९ पाहा. बेअर्स १४ पैकी १३ सामने हरले. अशा संघातल्या बचावपटूकडे कोणाचं लक्ष जाणार? पण त्या वर्षी एनईए या वृत्तसंस्थेने लीगमधला सर्वोत्तम बचावपटू म्हणून निवडलं ते बटकसला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच. एकमेव विजय पिट्सबर्ग स्टीलर्सवर, ३८-७, आणि त्यातही त्याने क्वार्टरबॅकला त्याच्याच एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) पाडून दोन गुण मिळवले. (त्या विजयाची किंमतही मोठी पडली. दोन्ही संघ १-१३ वर संपले, पहिल्या निवडीसाठी नाणेफेक झाली, ती स्टीलर्सनी जिंकली आणि क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉला घेतलं. पुढे त्याने त्यांना चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकून दिले.)

त्याचा खेळ कसा होता? सहा फूट तीन इंच उंच, २४५ पौंडांचा गडी. पळणाऱ्याला तो नुसता अडवत नसे, कवेत घेऊन खाली आणायचा, आणि खाली येता येता चेंडू हिसकायचा. निवृत्त झाला तेव्हा प्रतिस्पर्ध्यांचे २५ फंबल, म्हणजे हातून सुटलेले चेंडू, त्याने ताब्यात घेतले होते, तो त्या वेळचा लीगचा विक्रम होता. शिवाय २२ इंटरसेप्शन, तीही ११९ सामन्यांत. अर्लॅकरची संख्याही २२ आहे, पण त्याला १८२ सामने लागले. बटकस केवळ धडकणारा रानदांडगा होता असं जे म्हणतात त्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. पास कुठे जाणार हे ओळखल्याशिवाय २२ वेळा चेंडू हातात येत नाही.

गुडघ्याने १९७० नंतर त्याची साथ सोडायला सुरुवात केली आणि वयाच्या तिशीत कारकीर्द संपली. १९७९ मध्ये हॉल ऑफ फेम. महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम लाइनबॅकरला १९८५ पासून दिला जाणारा पुरस्कार त्याच्याच नावाचा आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी तो गेला.

प्लेऑफचा मुद्दा मला म्हणून पटत नाही. अकरा जणांच्या खेळात एक माणूस क्वार्टरबॅक बदलू शकत नाही.

५. सिंगलटेरीला दोनदा ‘वर्षातील सर्वोत्तम बचावपटू’ पुरस्कार मिळाला, बटकसला एकदाही नाही. इथेच निकाल लागला की!

लागत नाही. आज आपण ज्या पुरस्काराबद्दल बोलतो तो असोसिएटेड प्रेसचा, आणि तो १९७१ पासून दिला जातो. तोवर बटकसचा गुडघा गेला होता. त्याआधी दुसऱ्या संस्थेने त्याला दोनदा निवडलं होतं (प्रश्न ४). जॉर्जच्या काळात तर असं काही नव्हतंच. पुरस्कार मोजायचे तर एका काळातल्या दोघांचेच मोजावेत.

६. १९८५चा बचाव एवढा जबरदस्त होता की सिंगलटेरीच्या जागी कोणीही चाललं असतं, असं माझे सासरे म्हणतात. खरं?

सासऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. सिंगलटेरीच्या पुढे डॅन हॅम्प्टन, रिचर्ड डेंट, स्टीव्ह मॅकमायकल होते. तिघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. बचावाचा प्रशिक्षक बडी रायनची ‘४६’ नावाची बचावरचना (ते नाव डग प्लँक या खेळाडूच्या जर्सीवरून आलं) समोरच्याला श्वास घेऊ देत नसे. त्या हंगामात १६ पैकी १५ सामने जिंकले. प्लेऑफमध्ये जायंट्सना २१-०, रॅम्सना २४-०, आणि २६ जानेवारी १९८६ रोजी सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४६-१०. तीन सामन्यांत मिळून दहा गुण दिले.

पण ती रचना चालवायची म्हणजे चेंडू सुटायच्या आधीच्या काही क्षणांत दहा जणांना जागेवर आणायचं. ते काम सिंगलटेरीचं. सुरुवातीला पासच्या प्रसंगी रायन त्याला बाहेर बसवत असे. सहा फुटांचा, या जागेसाठी बेताच्याच उंचीचा खेळाडू, ड्राफ्टमध्ये ३८वा. त्याने फिल्म पाहून पाहून ती जागा मिळवली, आणि मग बारा हंगामांत फक्त दोन सामने चुकवले. त्याचे ते विस्फारलेले डोळे आठवतात ना? समोरच्या रचनेतलं एकही हालचालीचं चिन्ह निसटू नये म्हणून ते तसे असायचे.

सासऱ्यांना एक प्रश्न विचारा: मग १९८८चं काय? रायन १९८६ मध्येच ईगल्सचा प्रशिक्षक होऊन गेला होता. बाजूचा लाइनबॅकर विल्बर मार्शल १९८८च्या हंगामाआधी वॉशिंग्टनला गेला. तरी त्या वर्षी सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार सिंगलटेरीलाच मिळाला. आधार देणारे खांब काढून घेतल्यावरही घर उभं राहिलं.

आपल्या माणसांसाठी एक योगायोग: १९८१ मध्ये तो शिकागोत आला आणि त्याच साली याच शहरात बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. त्या पिढीतल्या कित्येक मराठी घरांनी अमेरिकेत पहिल्यांदा मन लावून पाहिलेला खेळाडू तोच.

७. मी २००५ मध्ये इथे आलो. माझ्यासाठी अर्लॅकरच. माझं चुकतं का?

नाही. मीही त्यालाच सर्वाधिक पाहिलं आहे, आणि त्याच्याबद्दल लिहिताना हात सैल सुटतो.

न्यू मेक्सिको विद्यापीठात तो मागच्या फळीतला राखणदार आणि लाइनबॅकर यांच्या मधलंच काहीतरी खेळायचा. बेअर्सनी २००० मध्ये त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. सहा फूट चार इंच, आणि वेग राखणदाराचा. प्रशिक्षक लवी स्मिथच्या रचनेत मिडल लाइनबॅकरला पासच्या वेळी मैदानाच्या मधोमध खोल मागे पळावं लागे, म्हणजे बटकस जिथे पुढे घुसायचा तिथे अर्लॅकर पाठमोरा धावत असे. तेवढ्या अंगाच्या माणसाने ते करणं दुर्मीळ. २००० मध्ये सर्वोत्तम नवोदित बचावपटू, २००५ मध्ये सर्वोत्तम बचावपटू, आठ प्रो बोल, आणि २०१८ मध्ये पहिल्याच प्रयत्नात हॉल ऑफ फेम.

१६ ऑक्टोबर २००६ची ॲरिझोनातली सोमवारची रात्र पाहा. बेअर्स मध्यंतराला २०-० मागे होते आणि आक्रमण पार कोलमडलेलं. अर्लॅकर एकेकाला पाडत सुटला. शेवटच्या भागात त्याने ॲरिझोनाच्या एजरिन जेम्सच्या हातातून चेंडू उपसून काढला, तो उचलून बेअर्सचाच चार्ल्स टिलमन एंड झोनपर्यंत धावला, आणि सामना २४-२३ असा जिंकला. आक्रमणाने एकही टचडाउन (चेंडू समोरच्याच्या एंड झोनमध्ये नेणं) केला नव्हता.

सुपर बोल मात्र हुकला. फेब्रुवारी २००७ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सनी २९-१७ असं हरवलं.

८. कोणी किती टॅकल केले, म्हणजे चेंडूवाल्याला किती वेळा पाडलं, हे बघितलं की वाद मिटेल ना?

मिटणार नाही, कारण ते आकडेच तुलनेचे नाहीत. टॅकलची मोजणी कित्येक वर्षं प्रत्येक संघ आपापल्या पद्धतीने करायचा. क्वार्टरबॅकला पाडण्याची, म्हणजे सॅकची, खेळाडूनिहाय अधिकृत नोंद १९८२ पासून आहे, त्यामुळे जॉर्ज आणि बटकस यांच्या नावापुढे रकाना रिकामा. हंगामही लहान-मोठे: १९६० पर्यंत १२ सामने, १९६१ पासून १४, १९७८ पासून १६ आणि २०२१ पासून १७. त्यातल्या त्यात इंटरसेप्शनवर विश्वास ठेवता येतो: जॉर्ज १८, बटकस २२, सिंगलटेरी ७, अर्लॅकर २२. सिंगलटेरीचा आकडा कमी आहे हे मी लपवत नाही.

९. सगळं मधल्यांचंच. बाजूचे लाइनबॅकर कुठे गेले?

रास्त तक्रार आहे. १९६३च्या संघात जॉर्जच्या दोन बाजूंना जो फॉर्च्युनाटो आणि लॅरी मॉरिस होते. त्या अंतिम सामन्याचा मानकरी मॉरिसच ठरला होता. डग बफोन १४ हंगाम खेळला, बटकसच्या शेजारी आणि त्याच्यानंतरच्या कोरड्या वर्षांतही. त्याचे २४ इंटरसेप्शन या चौघांपेक्षाही जास्त आहेत. १९८५ मध्ये ओटिस विल्सन आणि विल्बर मार्शल. बर्फ पडत असताना चेंडू उचलून ५२ यार्ड पळत गेलेला मार्शल ज्याने पाहिला तो विसरत नाही. माझ्या मते निव्वळ गुणवत्तेत मार्शल या सर्वांत वरचा, पण तो इथे चारच हंगाम राहिला.

आणि लान्स ब्रिग्ज. २००५ ते २०११ सलग सात प्रो बोल. अर्लॅकरच्या सावलीत राहिला म्हणून त्याला कमी लेखतात. दुसऱ्या कुठल्याही संघात तो सहज पहिल्या क्रमांकाचा ठरला असता.

१०. खलील मॅकला या यादीत धरायचं का? तो तर बहुतेक वेळ क्वार्टरबॅकच्याच मागे असायचा.

कागदावर लाइनबॅकर, कामाने क्वार्टरबॅकची शिकार करणारा. २०१८ मध्ये बेअर्सनी पहिल्या फेरीच्या दोन निवडी मोजून त्याला आणलं, आणि ग्रीन बेमधल्या पहिल्याच सामन्याच्या पूर्वार्धात त्याने चेंडू हिसकावला, पास झेलला आणि टचडाउनही केला. (सामना २४-२३ असा हरलो, ते दुःख वेगळं.) चार हंगामांत ३६ सॅक. मी त्याला वेगळ्या रांगेत ठेवते: प्रश्न १ मध्ये सांगितलेलं पळणार-की-फेकणार हे ओझं त्याच्यावर तितकं नव्हतं. डेंटशी त्याची तुलना करा, बटकसशी नको.

रोक्वान स्मिथबद्दलही विचारतात. गुणी खेळाडू, पण २०२२ च्या हंगामातच बाल्टिमोरला गेला. बेअर्सचा म्हणून हिशोब अपुरा राहिला.

११. जॉर्जच्या आधी कोणी नव्हतंच का?

होते, पण तेव्हा एकच माणूस आक्रमणातही खेळायचा आणि बचावातही. बुलडॉग टर्नर (१९४० ते १९५२) मुळात सेंटर, तरी १९४२ मध्ये आठ इंटरसेप्शन करून लीगमध्ये पहिला. जॉर्ज कॉनरला १९४९ मध्ये ईगल्सच्या स्टीव्ह व्हॅन ब्युरनला थोपवण्यासाठी बाहेरच्या बाजूला उभं केलं आणि तो त्या जागेचा उत्तम खेळाडू झाला. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. फक्त लाइनबॅकर म्हणून त्यांना तोलणं अन्यायाचं होईल.

१२. जर्सीचे ५१ आणि ६१ हे क्रमांक निवृत्त केले, म्हणजे पुन्हा कोणाला देत नाहीत, मग ५० आणि ५४ का नाहीत?

बेअर्सनी १४ क्रमांक निवृत्त केले आहेत, लीगमध्ये सर्वाधिक. क्रमांकच अपुरे पडू लागले. २०१३ मध्ये माइक डिट्काचा ८९ निवृत्त केला तेव्हा यापुढे आणखी नाही असं संघाने जाहीर केलं. याचा थोरवीशी संबंध जोडू नये.

१३. ऑफिसमधला ग्रीन बे पॅकर्सचा चाहता म्हणतो, त्यांचा लाइनबॅकर रे निट्श्के हा बटकसपेक्षा मोठा. काय उत्तर देऊ?

पाच विजेतेपदं निट्श्केकडे आहेत, ती मान्य करा. मग हळूच सांगा की तोही शिकागोच्याच उपनगरातला, एल्मवूड पार्कचा.

१४. तुमचा क्रम सांगा. गोलमोल उत्तर नको.

बटकस, सिंगलटेरी, जॉर्ज, अर्लॅकर.

माझी कसोटी एकच आहे: त्या माणसाला काढून घेतलं तर मागे काय उरतं? बटकसला काढलं तर त्या संघाकडे पाहायला कोणी थांबलं नसतं. सिंगलटेरीला काढलं तर १९८५चा बचाव तरीही चांगला राहिला असता, १९८८चा राहिला नसता. जॉर्ज आणि अर्लॅकर यांच्यात मी बरीच वर्षं घोळ घातला. अर्लॅकर जास्त आवडतो, तरी जॉर्जला वर ठेवते, कारण बाकी तिघे ज्या जागेवर उभे राहिले ती आधी त्याने खेळून दाखवली. आमच्या घरात हा क्रम कोणालाच मान्य नाही. मुलगा अर्लॅकरला दुसरा ठेवतो, आणि त्याच्याजवळही मुद्दे आहेत.

१५. मुलीला हा खेळ दाखवायचा आहे. एकच प्रसंग दाखवायचा तर कुठला?

१४ नोव्हेंबर १९७१, सोल्जर फील्ड, वॉशिंग्टनविरुद्ध. बेअर्सनी टचडाउन करून १५-१५ अशी बरोबरी केली आणि जादा गुणासाठी किक मारायची होती. मागे दिलेला चेंडू बिघडला. बेअर्सच्या बॉबी डग्लसने तो कसाबसा गाठला आणि पाठलाग चुकवत मागे मागे पळत राहिला. किकच्या वेळी अडवणारा म्हणून उभा असलेला बटकस, तो दुखरा गुडघा घेऊन, एंड झोनकडे धावत सुटला. हात हलवून ओरडत होता. डग्लसने लांबून चेंडू भिरकावला आणि बटकसने झेलला. एक गुण, १६-१५, सामना बेअर्सचा. एवढ्या धडका दिलेल्या त्या माणसाला स्वतःची सर्वांत आवडती खेळी विचारली की तो हीच सांगायचा.